आधीच ठाऊक असलेल्याला काय सांगायचे?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. घरी कोणी आजारी असते, ऑफिसात रजा मागताना कारण सांगावे लागते, आणि पलीकडच्या टेबलावरची, एरवी फक्त हवामानाविषयी बोलणारी व्यक्ती हळूच म्हणते, "आय विल प्रे फॉर यू." आपण "थँक यू" म्हणतो आणि पुढे जातो. तिने खरोखर काही केले का, केले तर नेमके काय केले, आणि त्यातून काय व्हावे अशी तिची अपेक्षा होती, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मीही कित्येक वर्षे विचारले नव्हते.

२०१६ च्या जानेवारीत ती वेळ आली. सांगलीला माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मी इकडे मिनेसोटात. बाहेर उणे वीस तापमान, तिकिटाची धावपळ, आणि दर दोन तासांनी भावाचा फोन. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. लुथरन पंथाच्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. आमच्या मुली त्यांना सरळ "आजी" म्हणतात, म्हणून मीही इथे तसेच म्हणतो. विमानतळावर निघताना आजींनी मला थांबवले, पर्समधून वही काढली आणि वडिलांचे नाव विचारले. स्पेलिंग दोनदा विचारून घेतले. उच्चार तीनदा करून पाहिला. त्या रविवारी त्यांच्या चर्चच्या पत्रकात, आजाऱ्यांच्या यादीत, ओल्सन आणि पीटरसन यांच्यामध्ये माझ्या वडिलांचे नाव छापले गेले.

अकराव्या दिवशी वडील गेले.

तेराव्यानंतर मी परत आलो. तीन आठवडे बर्फ पडत होता, पण आमच्या गॅरेजसमोरची वाट साफ होती. संध्याकाळी आजी भाज्यांची हॉटडिश घेऊन आल्या. मी दुःखात होतो, थकलेला होतो, आणि तोंडून निघून गेले, "इतक्या लोकांनी प्रार्थना केली. काय उपयोग झाला?"

आजींनी देवाची बाजू घेतली नाही. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "ते बरे व्हावेत असे मी मागितले होते. ते मिळाले नाही. मला फार वाईट वाटले. आणि तेही मी त्यालाच सांगितले."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसले. माझी डॉक्टरेट कंट्रोल सिस्टिम्समधली. एका बाजूने इनपुट, दुसऱ्या बाजूने आउटपुट, आणि हवे ते आउटपुट मिळाले नाही तर यंत्रणेत दोष, अशी आमची विचाराची सवय. आजींच्या वाक्यात यंत्रणाच नव्हती. मग होते काय? त्यानंतर काही वर्षे, जमेल तसे वाचून आणि आजींना प्रश्न विचारून जे थोडेफार उमगले, ते इथे मांडतो. मी ख्रिस्ती नाही. धर्मप्रचाराचा किंवा टीकेचा हेतू नाही. ज्या लोकांमध्ये आपण राहतो ते आपल्यासाठी नेमके काय करतात, हे आपल्याला ठाऊक असावे, एवढाच उद्देश.

नवस आणि प्रार्थना

प्रार्थना म्हणजे नारळाशिवायचा नवस, अशी माझी समजूत होती. अमुक होऊ दे, मी तमुक करीन. व्यवहार सरळ आहे. अर्थात आपल्याकडेही भक्ती म्हणजे केवळ नवस नव्हे. नामस्मरण करणारा काही मागत नाही, आणि पसायदानात ज्ञानेश्वरांनी मागितले ते स्वतःसाठी नव्हे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तरीही संकटात सापडलेल्या माणसाच्या ओठांवर पहिल्यांदा नवसच येतो.

ख्रिस्ती समाजही याला अपवाद नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहिल्या जातात, हे मुंबईकरांनी पाहिलेच असेल. खुद्द मार्टिन लूथरची कहाणी नवसाने सुरू होते. १५०५ च्या जुलैमध्ये, कायद्याचा विद्यार्थी असताना, तो वादळात सापडला. जवळच वीज पडली. घाबरून त्याने संत ॲनला हाक मारली आणि वाचलो तर संन्यासी होईन असे कबूल केले. दोन आठवड्यांत तो मठात दाखल झाला. पुढे त्यानेच मठ सोडला, लग्न केले, आणि देवाशी असा सौदा करता येत नाही हे आयुष्यभर सांगितले.

म्हणजे नवस ही माणसाची प्रवृत्ती आहे, एखाद्या धर्माची मक्तेदारी नव्हे. प्रश्न असा की ख्रिस्ती धर्म या प्रवृत्तीला कोणते वळण देऊ पाहतो?

प्रभूची प्रार्थना

त्याचे उत्तर शोधायला एकाच छोट्या प्रार्थनेपाशी जावे लागते. मराठी ख्रिस्ती लोक तिला "प्रभूची प्रार्थना" म्हणतात. ती नव्या करारात दोन ठिकाणी येते: मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात. लूकच्या सांगण्यानुसार येशू स्वतः प्रार्थना करीत होता. ती संपल्यावर एका शिष्याने त्याला प्रार्थना करायला शिकव म्हणून विनंती केली. चमत्कार करायला शिकव असे त्याने म्हटले नाही, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

मत्तयमध्ये ही प्रार्थना देण्यापूर्वी येशू काही सूचना देतो. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा आणि दार लावून घ्या. फार बोलत बसू नका, जास्त शब्दांनी जास्त काम होते असे समजू नका. आणि मग तो म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे.

इथे कोणताही इंजिनियर थबकेल. ठाऊक आहे, तर मागायचे कशाला? पण लगेच पुढच्याच वाक्यात येशू कसे मागायचे ते सांगतो. म्हणजे हा विरोध कोणा टीकाकाराने शोधून काढलेला नाही. मूळ ग्रंथातच तो उघडपणे शेजारी-शेजारी ठेवलेला आहे.

प्रार्थनेची रचना पाहण्यासारखी आहे. परंपरेने तिच्यात सात मागण्या मोजतात. पहिल्या तीन देवाविषयी: त्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी. नंतरच्या चार माणसाविषयी: आजची भाकर, क्षमा, मोहापासून बचाव आणि वाइटापासून सुटका. संकटातला माणूस चौथ्या मागणीपासून सुरुवात करतो. ही प्रार्थना त्याला आधी तीन पायऱ्या चढायला लावते. माझे काम सांगण्यापूर्वी हे जग माझ्याभोवती फिरत नाही, हे तीनदा स्वतःच्या तोंडाने म्हणायचे.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. या प्रार्थनेत "मी" आणि "माझे" हे शब्द कुठेच नाहीत. खोलीचे दार लावून एकट्याने म्हणायची प्रार्थना, पण पिता "आमचा", भाकर "आमची", अपराध "आमचे". दार बंद केल्यावरही इतर माणसे खोलीत येऊन बसतात. आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणून तर भांडण झालेल्या बहिणीला टाळून ती मला म्हणता येत नाही."

तिसरी गोष्ट भाकरीची. मागायची ती फक्त आजची. मूळ ग्रीक ग्रंथात "रोजची" या अर्थी जो शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांचे आजही एकमत नाही. पण वर्षभराचा साठा त्यात नाही, एवढे नक्की. निवृत्तीच्या खात्यात किती जमले हे दर तिमाहीला तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मागणी थोडी बोचते.

आणि चौथी, सर्वांत अवघड. सातांपैकी एकाच मागणीला अट जोडलेली आहे: आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी आम्हाला कर. म्हणजे मागणारा स्वतःच स्वतःला बांधून घेतो. नवसातही अट असते, पण ती देवाने काम केल्यानंतर लागू होणारी. इथे अट आधीची आहे, आणि ती मेणबत्तीने फिटत नाही.

मग मागायचे कशाला?

हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेने विचारला होता. बाई श्रीमंत, मोठ्या घराण्यातली. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा ती उत्तर आफ्रिकेत पळून आली. सारे गमावलेल्या माणसाने काय मागावे आणि कसे मागावे, असे तिने हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला विचारले. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातले अन्नाबा शहर. ऑगस्टीनने सुमारे ४१२ मध्ये तिला लांबलचक पत्र लिहिले. त्याचा सारांश असा: देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण प्रार्थना करीत नाही. मागण्यामुळे आपली इच्छा घडत जाते, रुंदावत जाते. जे मिळणार आहे ते मोठे आहे आणि आपले भांडे लहान आहे. मागत राहिल्याने भांडे मोठे होते.

आठशे वर्षांनी थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) याने त्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. त्याचा आक्षेपक म्हणतो की देवाचा संकल्प अटळ असेल तर प्रार्थना व्यर्थ आहे. थॉमसचे उत्तर असे की देवाने केवळ काय घडावे हे ठरवलेले नसते, तर ते कोणत्या कारणांनी घडावे हेही ठरवलेले असते, आणि माणसाची कृती त्या कारणांत मोडते. माझ्या शब्दांत सांगायचे तर, पीक यावे ही देवाची इच्छा असेल, पण म्हणून शेतकरी पेरणी सोडून देत नाही. पेरणी देवाचे मन वळवण्यासाठी नसते. पीक पेरणीतूनच येणार असते. प्रार्थना ही तशी एक पेरणी आहे, असे थॉमसचे म्हणणे.

तर्काच्या दृष्टीने मला थॉमसचे उत्तर नेटके वाटते. पण वडील गेल्यानंतरच्या त्या महिन्यात ते मला पुरले नसते. पेरलेले उगवले नाही, त्याचे काय?

नाकारलेली प्रार्थना

आजींनी त्यावेळी मला एकच प्रसंग वाचायला सांगितला. गेथशेमाने नावाच्या बागेत, पकडला जाण्याच्या आदल्या घटकेला येशू प्रार्थना करतो. मार्कच्या शुभवर्तमानात तो देवाला "अब्बा" म्हणतो. हा अरामी भाषेतला घरगुती शब्द, "बाबा"च्या जवळचा. पुढे येऊ घातलेल्या यातनेचा प्याला टळावा, असे तो स्पष्ट मागतो. त्याचबरोबर माझी नव्हे, तुझी इच्छा होवो, असेही म्हणतो. मत्तयच्या वृत्तान्तात हे तीन वेळा घडते. ज्या शिष्यांना जागे राहायला सांगितले होते ते तिन्ही वेळा झोपलेले सापडतात. प्याला टळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला क्रूसावर खिळतात.

ज्या धर्मात खुद्द संस्थापकाची शेवटच्या रात्रीची मागणी नाकारली गेली, आणि ती गोष्ट लपवून न ठेवता ग्रंथाच्या मध्यभागी ठेवली गेली, त्या धर्मातली प्रार्थना हे हवे ते मिळवण्याचे तंत्र असू शकत नाही. पौलाचेही तेच. शरीरातला एक काटा काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केल्याचे तो करिंथच्या मंडळीला लिहितो. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले.

शिवाय स्तोत्रसंहिता आहे. यहुदी परंपरेतून आलेली ही दीडशे स्तोत्रे ख्रिस्ती लोकांचेही प्रार्थनेचे पुस्तक आहे. त्यातली बरीच, जवळपास एक तृतीयांश, तक्रारीची आहेत. तू कुठे आहेस, किती दिवस गप्प बसणार, माझे शत्रू का माजले, असा देवाला सरळ जाब विचारलेला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलासासुद्धा नाही. विठ्ठलाशी भांडणारे आपले संत आठवले की हा सूर आपल्याला परका वाटत नाही. "तेही मी त्यालाच सांगितले" या आजींच्या वाक्याचे मूळ मला इथे सापडले. निराशा झाली तरी बोलणे बंद करायचे नाही. मागणे हे त्या बोलण्याचे निमित्त. बोलणे चालू राहणे हे प्रयोजन.

लूथरचा न्हावी

हे रोज करायचे कसे? याविषयीची माझी आवडती हकीकत पीटर बेस्केनडॉर्फ या न्हाव्याची आहे. हा विटेनबर्गमध्ये लूथरची हजामत करीत असे. त्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, म्हणून लूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. मोठ्या विद्वानाने आपल्या न्हाव्यासाठी वेळ काढून लिहिलेली ती पुस्तिका आजही छापली जाते.

सल्ला अगदी व्यावहारिक आहे. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थनेचे असू दे. आधी हे एवढे उरकतो, तासाभराने प्रार्थना करतो, असे म्हणू नकोस. मग ती होत नाही. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा अशा पाठ असलेल्या मजकुरातले एकेक वाक्य घे. त्यातून चार धागे काढ: यातून मी काय शिकतो, कशाबद्दल आभार मानतो, काय चुकले ते कबूल करतो, आणि काय मागतो. मध्येच मन एखाद्या विचारापाशी थांबले तर उरलेले शब्द सोडून दे आणि ऐकत राहा. आणि मन भरकटते त्याबद्दल त्याने न्हाव्यालाच न्हाव्याचा दाखला दिला आहे. चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि मन वस्तऱ्यावर असते. गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक कापले जाईल.

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्याच वर्षी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कुटुंबाच्या जेवणाच्या वेळी दारूच्या नशेत या पीटरने आपल्या जावयाला भोसकून ठार मारले. लूथरने आणि इतरांनी रदबदली केली म्हणून देहदंड टळला. मालमत्ता गेली आणि त्याला हद्दपार व्हावे लागले.

ही दुसरी अर्धी गोष्ट प्रवचनात सहसा सांगत नाहीत. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. प्रार्थना विचारणारा माणूस आपोआप चांगला होतो, याची हमी नाही. कदाचित पीटरने विचारले तेच आपल्या हातात काय दडले आहे याची त्याला भीती वाटत होती म्हणून. आणि लूथरने पुस्तिका लिहून हात झटकले नाहीत. माणूस पडल्यावर तो त्याच्यासाठी उभा राहिला. ख्रिस्ती लोक "मध्यस्थीची प्रार्थना" म्हणतात, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना. तिचा खरा अर्थ मला या रदबदलीत दिसतो.

आकडे काय सांगतात?

एवढ्यावर थांबलो तर माझे सहकारी मला माफ करणार नाहीत. मोजून पाहिले का? पाहिले आहे.

१८७२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने युक्तिवाद केला की राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभरच्या चर्चमध्ये प्रार्थना होते. तेव्हा राजे जास्त जगायला हवेत. त्याने आकडे मांडले तर सुखवस्तू वर्गांत राजघराण्यांचेच आयुष्य सर्वांत कमी निघाले. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३९३ हृदयरुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रार्थनेचा काहीसा फायदा दिसला, आणि अनेक श्रद्धाळूंनी तो उचलून धरला. मग २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. सहा रुग्णालये, बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, तीन गट. प्रार्थना होईल की नाही हे नक्की माहीत नसलेल्यांपैकी, जिच्यासाठी प्रार्थना झाली त्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. झाली नाही त्या गटात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले!

१९८८ चा निकाल मिरवायचा आणि २००६ चा आला की देव प्रयोगशाळेत येत नाही म्हणायचे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण ज्यांनी आधीपासून तसे सांगितले होते त्यांचे ऐकायला हवे. सी. एस. लुइस या लेखकाने १९५९ मध्येच, म्हणजे या अभ्यासाच्या सत्तेचाळीस वर्षे आधी, अशाच एका काल्पनिक रुग्णालय-प्रयोगाचा विचार केला होता. त्याचे म्हणणे असे की निकाल पाहण्यासाठी प्रार्थना करणारा माणूस प्रार्थना करीतच नाही. तो प्रयोग करीत असतो. त्याला रुग्ण बरा व्हायला नको असतो, उत्तर हवे असते.

बेन्सनच्या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर तेवढे कळवले जात असे. शास्त्रीय दृष्ट्या ते योग्यच होते. पण मला आजींची वही आठवली. त्यांना पूर्ण नाव हवे होते, स्पेलिंगसकट. माझ्या मते त्या अभ्यासाने एक गोष्ट नीट दाखवली: प्रार्थना हे औषध नाही. तिला औषध म्हणून विकणाऱ्यांनी, आणि असे विकणारे टीव्हीवर पुष्कळ आहेत, हे आकडे वाचायला हवेत. पण ती औषध आहे असे त्या छोट्या प्रार्थनेत, बागेतल्या प्रसंगात किंवा दीडशे स्तोत्रांत कुठे म्हटले होते?

प्रार्थना आणि फावडे

दुसरा धोका याच्या उलट आहे. प्रार्थना केली म्हणजे काम झाले, असे समजणे. या देशात प्रत्येक गोळीबारानंतर "थॉट्स अँड प्रेयर्स" हे शब्द उच्चारले जातात आणि त्यावर लोक संतापतात. तो संताप ख्रिस्ती ग्रंथाला धरूनच आहे. याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की उघड्यानागड्या, उपाशी माणसाला नुसते गोड बोलून वाटेला लावले आणि अन्नवस्त्र दिले नाही, तर त्याचा काय उपयोग?

आमच्या गॅरेजसमोरचा बर्फ कोणी काढला हे मला महिनाभराने कळले. चर्चच्या पत्रकात वडिलांचे नाव वाचून दोन गृहस्थांनी आजींना विचारले की त्या घरी आता कोण आहे. बायको आणि दोन लहान मुली, असे कळल्यावर ते तीन आठवडे पहाटे फावडी घेऊन येत होते. प्रार्थनेची यादी म्हणजे दर आठवड्याला मोठ्याने वाचलेली गरजूंची यादी. कोणाचे नाव रोज उच्चारायचे ठरवले, की त्याच्या दारातला बर्फ दिसू लागतो. आउटपुट सांगलीच्या रुग्णालयात शोधत होतो; ते आमच्या दारात होते.

मराठीतली प्रार्थना

हे सारे आपल्या भाषेला नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे "ख्रिस्तपुराण" छापले ते दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, ते काम पूर्ण केले. साध्या बाईला आपल्या बोलीत देवाशी बोलता यावे, ही तळमळ त्यामागे होती. आपल्या मंडळात अहिल्यानगर किंवा वसईकडची ख्रिस्ती कुटुंबे असतील तर त्यांच्याशी या विषयावर अवश्य बोला. माझ्यापेक्षा ते कितीतरी अधिक सांगतील.

शेवटी

गेल्या वर्षी आजी बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. वय चौऱ्याऐंशी. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितले, "माझ्यासाठी प्रार्थना कर." मी म्हणालो, मी तुमच्या धर्माचा नाही, आणि मला येतही नाही. त्या म्हणाल्या, "नाव घे. तुला काय वाटते ते सांग. मग थोडा वेळ गप्प बस."

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी तेवढे केले. कोणी ऐकले का, हे मी सांगू शकत नाही. पण आजी बऱ्या व्हाव्यात एवढे म्हणून गप्प बसल्यावर ध्यानात आले की त्यांच्या घराच्या पायऱ्यांना कठडा नाही. तो बसवून देईन असे मी दोन हिवाळे म्हणत आलो होतो. आणि असेही ध्यानात आले की त्या दिवशी आजींना विचारलेल्या प्रश्नाबद्दल मी त्यांची कधी माफी मागितली नव्हती. दोन्ही कामे त्या महिन्यात झाली.

आजी आता वॉकर घेऊन चालतात. त्याचे श्रेय मी प्रार्थनेला देत नाही. वडील गेले त्याचा दोष तिला द्यायचा नाही, तर हे श्रेयही देता येणार नाही. शस्त्रक्रिया करणारे हात कुशल होते. पण "काय उपयोग झाला?" हा प्रश्न मी आता तसा विचारणार नाही.

आणि यापुढे कोणी "आय विल प्रे फॉर यू" म्हटले, तर नुसते "थँक यू" म्हणून पुढे जाऊ नका. एक मिनिट थांबा. आपल्या माणसाचे नाव सांगा, पूर्ण सांगा, स्पेलिंग सांगा. ते माणूस कसे आहे तेही सांगा. हजारो मैलांवर, सांगलीत किंवा साताऱ्यात, एक माणूस आजारी आहे, आणि इथे कोणीतरी त्याचे नाव नीट उच्चारण्याचा प्रयत्न करीत आहे. परक्या देशात ही गोष्ट लहान नाही.